फुलीचे बटण : वेबपृष्ठावरील सूचना आणि वाचकाचा अधिकार

छापील पुस्तकाच्या पानावर एकदा मजकूर उमटला की तो वाचकाच्या इच्छेने नाहीसा होत नाही. फार तर वाचक पान उलटतो. संगणकाच्या पडद्यावरील पृष्ठाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे एखादी सूचना मजकुराच्या वर अवतरते, आपले म्हणणे सांगते आणि तिच्या कोपऱ्यातील लहानशा फुलीवर बोट टेकवताच नाहीशी होते. रेल्वेचे तिकीट काढताना, बँकेचे खाते पाहताना, परीक्षेचा निकाल शोधताना किंवा वृत्तपत्र वाचताना माणसे दिवसातून कितीतरी वेळा ही फुली दाबत असतात. ही क्रिया इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही विचारपूर्वक केलेली रचना असते, याची जाणीवही सहसा होत नाही.

फुलीचे हे चिन्ह म्हणजे वस्तुतः वाचकाला दिलेले एक आश्वासन असते. सूचना महत्त्वाची वाटली म्हणून ती दाखवली. परंतु ती वाचून झाली असेल, किंवा वाचावयाचीच नसेल, तर ती दूर करण्याचा अधिकार वाचकाचा आहे, असा त्या आश्वासनाचा आशय असतो. ते कोणत्या साधनांनी पाळले जाते, कोठे आणि का मोडते, आणि मोडल्यास त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यासाठी वाचकाला आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. यंत्राच्या कार्यपद्धतीविषयी थोडे कुतूहल असले म्हणजे पुरे.

फुली कोणाच्या मालकीची?

बंद करण्याचे बटण वेबपृष्ठांपेक्षा जुने आहे. १९८४ साली बाजारात आलेल्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात एक लहान चौकोन असे. तो दाबला की खिडकी बंद होई. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ या प्रणालीने खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात फुली आणली आणि पुढे तेच चिन्ह सर्वत्र रूढ झाले. ही चिन्हे संगणकाची मूळ कार्यप्रणाली स्वतः रेखाटत असे. खिडकीत कोणतेही काम चालू असले, तरी बंद करण्याचे चिन्ह ठरलेल्या ठिकाणी आणि ठरलेल्या रूपात सापडत असे.

वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. आरंभीची वेबपृष्ठे प्रामुख्याने वाचण्यासाठी होती. वाचकाच्या कृतीनुसार जागच्या जागी बदलण्याची शक्ती त्यांच्यात नव्हती. ही शक्ती जावास्क्रिप्ट या भाषेने दिली. मे १९९५ मध्ये नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत या भाषेचे पहिले रूप सिद्ध केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली आणि १९९७ साली एक्मा या मानकसंस्थेने तिचे प्रमाण रूप प्रसिद्ध केले.

या भाषेतील सूचना देण्याची सर्वांत साधी आज्ञा म्हणजे 'अलर्ट'. ती दिली असता ब्राउझर स्वतःची एक पेटी पडद्यावर दाखवतो आणि वाचकाने ती मान्य करेपर्यंत पृष्ठावरील सारा व्यवहार थांबून राहतो. १९९० नंतरच्या दशकात ट्रायपॉड या अमेरिकन संकेतस्थळासाठी काम करणारे ईथन झुकरमन यांनी याहून निराळी आज्ञावली लिहिली. तिच्यामुळे स्वतंत्र खिडकी उघडून तीत जाहिरात दाखवता येऊ लागली. सर्वसामान्य लोकांनी तयार केलेल्या पृष्ठांवरील मजकुराशी आपले नाव जोडले जाऊ नये, ही जाहिरातदारांची चिंता त्यामागे होती. ही युक्ती पुढे सर्वत्र पसरली आणि वाचकांना नकोशी झाली. २०१४ साली लिहिलेल्या एका लेखात झुकरमन यांनी तिच्याबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. दरम्यान ब्राउझरांनी अशा खिडक्या अडवण्यास प्रारंभ केला होता. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ही सोय आली.

स्वतंत्र खिडक्यांची वाट बंद होऊ लागली, तेव्हा सूचना आणि जाहिराती पृष्ठाच्या आतच अवतरू लागल्या. या बदलाचा एक परिणाम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. स्वतंत्र खिडकीची फुली संगणकप्रणाली रेखाटत असे. पृष्ठाच्या आतील पेटीची फुली मात्र पृष्ठाचा कर्ता रेखाटतो. तिचे स्थान, आकार, रंग आणि ती दाबल्यावर घडणारी क्रिया, हे सारे त्याच्या हाती गेले. फुलीमागील आश्वासन पाळण्याची जबाबदारीही अर्थातच त्याच्याकडे गेली. पुढील विवेचन या जबाबदारीचे आहे.

वृक्ष, घटना आणि श्रोता

उदाहरणादाखल एखाद्या जिल्हा ग्रंथालयाच्या संकेतस्थळाची कल्पना करावी. पृष्ठावर ग्रंथसूची आहे, नवीन पुस्तकांची यादी आहे आणि सर्वांत वर एक पट्टी आहे. 'ग्रंथपडताळणीसाठी ग्रंथालय येत्या सोमवारपासून आठ दिवस बंद राहील', असे तीवर लिहिलेले आहे. पट्टीच्या उजव्या टोकास फुलीचे बटण आहे. ते दाबले असता पट्टी नाहीशी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

ब्राउझर पृष्ठाचा मजकूर वाचतो, तेव्हा तो स्मृतीत त्याची एका वृक्षासारखी रचना करतो. पृष्ठ हे मूळ, त्याचे विभाग या शाखा, त्यांतील परिच्छेद, चित्रे आणि बटणे या उपशाखा. या वृक्षाला 'डॉम' असे संक्षिप्त नाव आहे. त्याचे पहिले मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केले. जावास्क्रिप्टला या वृक्षातील कोणतीही शाखा शोधता येते, बदलता येते, नवी जोडता येते आणि असलेली छाटता येते. वृक्षात बदल झाला की पडद्यावरील दृश्य त्यानुसार आपोआप बदलते.

वाचकाने बटण दाबले, कळ दाबली किंवा पृष्ठ सरकवले, की ब्राउझर त्या प्रसंगाची वर्दी देतो. तिला 'घटना' म्हणतात. विशिष्ट घटना घडली असता काय करावे, हे सांगणाऱ्या आज्ञांच्या गटाला 'श्रोता' म्हणता येईल. ग्रंथालयाच्या पट्टीपुरते काम अल्पच आहे. बटण शोधावे, त्याच्याशी दाबण्याच्या घटनेचा श्रोता जोडावा, आणि घटना घडताच बटणाच्या वरच्या बाजूस असलेली सर्वांत जवळची सूचनापट्टी शोधून ती वृक्षातून छाटावी. जावास्क्रिप्टमध्ये हे सारे चार-पाच ओळींत लिहिता येते.

पृष्ठावर अनेक सूचना असल्या आणि त्यांत मागाहून भर पडणार असली, तर प्रत्येक फुलीला निराळा श्रोता जोडण्याची आवश्यकता नसते. घटना ज्या शाखेवर घडते, तेथून ती वृक्षाच्या मुळाकडे चढत जाते. म्हणून सर्व सूचनांना सामावून घेणाऱ्या शाखेवर एकच श्रोता बसवला तरी चालतो. वाड्यातील प्रत्येक बिऱ्हाडापुढे निराळा पहारेकरी न ठेवता दिंडी-दरवाज्याशी एकच ठेवावा, तसाच हा प्रकार आहे. नव्याने आलेले बिऱ्हाडही मग त्याच्या नजरेतून सुटत नाही.

छाटणे आणि लपवणे यांतील भेद मात्र स्पष्ट असावा लागतो. जी सूचना पुन्हा लागणार नाही, ती छाटावी. जी पुन्हा दाखवावी लागेल, ती वृक्षात ठेवून 'हिडन' या गुणधर्माने लपवावी. अशी शाखा दिसत नाही, कळफलकाने तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि पडदावाचक प्रणालीही ती वाचत नाही. काही कर्ते याऐवजी सूचना केवळ पूर्णपणे पारदर्शक करतात. ती डोळ्यांना दिसेनाशी होते, परंतु जागेवरून हललेली नसते. तिच्याखालील दुवा दाबू पाहणाऱ्याचे बोट त्या अदृश्य पट्टीवरच पडते आणि दुवा उघडत नाही. ग्रंथसूचीचा दुवा का चालत नाही, हे वाचकाला कळण्यास मार्ग नसतो. बंद केलेली वस्तू खरोखर बंद झाली पाहिजे, ही आश्वासनाची पहिली अट येथे मोडलेली असते.

सूचना हळूहळू विरत जावी म्हणून संक्रमणाचा परिणाम साधतात, तेव्हाही असाच धोका संभवतो. संक्रमण संपल्याची घटना घडली की पट्टी छाटावी, अशी आज्ञा दिलेली असते. परंतु पडद्यावरील हालचालीने ज्यांना भोवळ येते, असे काही वाचक आपल्या संगणकावर हालचाल कमी ठेवण्याची निवड करतात. त्यांचा मान राखून संक्रमण रद्द केले असेल, तर ते संपल्याची घटना घडतच नाही आणि पट्टी कायम राहते. ज्याची सोय पाहावयाची, त्याचीच गैरसोय होते. म्हणून पट्टी छाटण्याची क्रिया केवळ शोभेच्या हालचालीवर अवलंबून ठेवू नये.

बटण कोणापर्यंत पोहोचते?

फुली सर्वांना दिसते आणि सर्वांना दाबता येते, असे पृष्ठाचा कर्ता गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही वाचक माउस वापरू शकत नाहीत आणि कळफलकाच्या टॅब या कळीने एका बटणावरून दुसऱ्यावर जातात. दृष्टिहीन वाचक पडदावाचक प्रणालीच्या आधारे पृष्ठ ऐकतात. ज्यांचे हात थरथरतात, त्यांना लहान चिन्हावर अचूक बोट ठेवणे कठीण जाते. उन्हात, चालत्या बसमध्ये, तडा गेलेल्या पडद्याचा भ्रमणध्वनी हाताळणाऱ्या कोणत्याही माणसाची स्थिती काही काळ तशीच असते.

अनेक पृष्ठांवर फुली म्हणजे बटण नसतेच. साध्या चौकटीत फुलीचे चिन्ह छापून तिला श्रोता जोडलेला असतो. माउस वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही. परंतु टॅब कळ या चौकटीवर थांबत नाही आणि पडदावाचक तिला बटण म्हणून ओळखत नाही. याउलट एचटीएमएल भाषेतील खऱ्या 'बटन' घटकावर टॅब थांबते, एंटर किंवा स्पेस कळीने तो दाबता येतो आणि पडदावाचक तो बटण असल्याचे सांगतो; यासाठी निराळी आज्ञा लिहावी लागत नाही. एवढेच पाहावे लागते की, अर्जाच्या आत असलेले बटण कोणताही प्रकार न सांगितल्यास अर्ज पाठवून देते. म्हणून फुली साधे बटण आहे, असे स्पष्टपणे नमूद करावे. अन्यथा सूचना बंद करू जाणाऱ्याचा अपुरा अर्ज रवाना होईल.

फुलीला नावही असावे लागते. फुलीसाठी बहुधा गुणाकाराचे चिन्ह वापरतात, आणि पडदावाचक ते गुणाकाराचे म्हणूनच वाचण्याचा संभव असतो. बटणाला 'ग्रंथालयाची सूचना बंद करा' असे दृष्टीआड राहणारे नाव दिले की ऐकणाऱ्याचा संभ्रम दूर होतो. आकाराविषयीही मानक उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेबसुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ या आवृत्तीत काही अपवाद वगळता दाबण्याच्या जागेचा किमान आकार २४ गुणिले २४ पिक्सेल असा ठरवला आहे.

या बाबी केवळ सौजन्याच्या नाहीत. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीचा अधिनियम २०१६ साली संमत झाला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ॲसिडहल्ल्याने चेहरा व डोळे विद्रूप झालेल्या आणि दृष्टिहीन असलेल्या व्यक्तींना ओळख पटवण्याच्या डिजिटल प्रक्रियेत ज्या अडचणी येत होत्या, त्यांविषयीच्या याचिकांवर हा निर्णय झाला. बंद न करता येणारी पेटी ही वरवर क्षुल्लक भासते. परंतु तिच्या पलीकडे निवृत्तिवेतनाचा अर्ज असेल, तर ती दारास लावलेली कडीच ठरते.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. दुर्बल जोडणीमुळे जावास्क्रिप्टचा मजकूर वाचकाच्या संगणकापर्यंत पोहोचतच नाही, असे कधीकधी घडते. पृष्ठ दिसते, पट्टी दिसते, फुलीही दिसते. परंतु तिला श्रोता जोडलेला नसल्यामुळे ती दाबून काही होत नाही. यावर सोपा उपाय असा की, फुली मूळ पृष्ठात न लिहिता जावास्क्रिप्टनेच तयार करून पट्टीत बसवावी. आज्ञावली पोहोचली नाही, तर सूचना केवळ वाचता येईल. जे आश्वासन पाळता येणार नाही, ते निदान दिले तरी जाणार नाही.

सूचना गेल्यानंतर

पट्टी छाटली की काम संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कळफलकाने वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक प्रश्न तेथेच सुरू होतो. कळा दाबल्या असता त्या पृष्ठावरील कोणत्या घटकास लागू होतील, हे दर्शवणाऱ्या स्थानाला 'फोकस' म्हणतात. फुली दाबताना फोकस फुलीवर असतो. पट्टी छाटताच फुलीही जाते आणि फोकसला आधार उरत नाही. काही ब्राउझरांत वाचकाला पुन्हा पृष्ठाच्या आरंभापासून वाटचाल करावी लागते. पृष्ठाच्या मध्यावर, ग्रंथसूचीच्या चाळिसाव्या नोंदीजवळ एखादी सूचना आली असेल आणि ती बंद करताच वाचक पहिल्या ओळीवर जाऊन पडत असेल, तर त्याचे श्रम वाया जातात. म्हणून पट्टी छाटण्यापूर्वी फोकस एखाद्या योग्य ठिकाणी, बहुधा लगतच्या मथळ्यावर, नेऊन ठेवावा.

काही सूचना आपोआप नाहीशा होतात. 'पुस्तकाची मागणी नोंदवली' असे शब्द कोपऱ्यात काही क्षण दिसतात आणि जातात. शीघ्र वाचणाऱ्याला हा अवधी पुरतो. जो अक्षर जुळवून वाचतो, ज्याची ही भाषा नव्हे, किंवा ज्याचे लक्ष त्या क्षणी दुसरीकडे आहे, त्याला तो पुरत नाही. अशा सूचनेतील माहिती महत्त्वाची असेल, तर ती वाचकाने बंद करेपर्यंत राहू द्यावी, अथवा पृष्ठावर अन्यत्र कायम नोंदवावी.

बंद केल्याचे स्मरण

ग्रंथालयाच्या वाचकाने सकाळी पट्टी बंद केली. दुपारी तो पृष्ठावर परत आला, तर पट्टी पुन्हा समोर उभी. वेबपृष्ठ प्रत्येक वेळी नव्याने रचले जाते. मागील भेटीत काय छाटले, हे त्यास आपोआप आठवत नाही. त्यासाठी ब्राउझरने पुरवलेल्या 'लोकल स्टोरेज' या कोठाराचा उपयोग करतात. त्यात एका नावाखाली एक अक्षरमाला ठेवता येते आणि ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला तरी ती सामान्यतः टिकते. 'सेशन स्टोरेज' हे दुसरे कोठार मात्र ती भेट चालू असेपर्यंतच नोंद सांभाळते.

नोंद करताना 'सूचना बंद केली' एवढेच लिहून भागत नाही. कोणती सूचना, हेही लिहावे लागते. अन्यथा ग्रंथपडताळणीची पट्टी बंद करणाऱ्याला पुढील महिन्यात ग्रंथालयाच्या वेळा बदलल्याची पट्टी दिसणारच नाही. म्हणून प्रत्येक सूचनेस स्वतंत्र ओळख द्यावी. शिवाय काही वाचक गोपनीयतेसाठी आपल्या ब्राउझरमध्ये असे कोठार वापरू देत नाहीत. त्या वेळी नोंद करण्याचा प्रयत्न दोष उत्पन्न करतो आणि उरलेली आज्ञावली अर्ध्यावर थांबू शकते. ही शक्यता गृहीत धरून दोष झेलण्याची व्यवस्था आधीच करावी. स्मरण राहिले नाही तरी चालेल, परंतु पट्टी बंद झालीच पाहिजे, असा क्रम येथे योग्य ठरतो.

वाट अडवणारी पेटी

आतापर्यंत वर्णिलेली पट्टी पृष्ठाच्या कडेला असते. ती बंद न करताही वाचन चालू ठेवता येते. दुसऱ्या प्रकारची सूचना मात्र मध्यभागी येते, मागील पृष्ठ अंधुक करते आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नाही. तिला संवादपेटी म्हणता येईल. 'राखून ठेवलेले पुस्तक रद्द करावयाचे काय?' अशा, परत न घेता येणाऱ्या कृतीच्या प्रश्नासाठी तिचा उपयोग उचित आहे.

अशी पेटी हाताने रचणे बराच काळ कठीण काम होते. मागील पृष्ठावर फोकस जाऊ नये, पेटीतच तो फिरत राहावा, एस्केप कळीने पेटी बंद व्हावी, आणि बंद होताच फोकस मूळच्या बटणावर परतावा, इतक्या गोष्टी कर्त्याला स्वतः साधाव्या लागत. यांतील एकही चुकली, तर वाचक अडकून पडे. कळफलकाने आत जाता येते परंतु बाहेर येता येत नाही, अशी स्थिती कोठेही नसावी, हा वेबसुगम्यतेच्या तत्त्वांतील अगदी प्राथमिक पातळीवरचा नियम आहे.

एचटीएमएलमधील 'डायलॉग' या घटकाने हे काम पुष्कळ सोपे केले. क्रोम ब्राउझरमध्ये तो २०१४ साली आला. फायरफॉक्स आणि सफारी या ब्राउझरांत मार्च २०२२ मध्ये आला. हा घटक योग्य आज्ञेने उघडला असता मागील पृष्ठ निष्क्रिय होते, एस्केप कळ चालते आणि पेटी बंद होताच फोकस पूर्वस्थानी परततो. स्वतंत्र खिडकीबरोबर जी जबाबदारी ब्राउझरकडून पृष्ठकर्त्याकडे गेली होती, तिचा बराच भाग या घटकाद्वारे पुन्हा ब्राउझरकडे आला आहे. लहान तरंगत्या पेट्यांसाठी 'पॉपओव्हर' हा गुणधर्मही आता प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध असून त्यायोगे बाहेर कोठेही दाबले तरी पेटी मिटते. तथापि पेटीत वाचकाने काही मजकूर लिहिला असेल, तर ती अशी सहज मिटू देणे हितावह नसते. बोट चुकून बाहेर पडले तर सारे लेखन अंतर्धान पावेल.

फुलीचा गैरवापर

येथवर ज्या दोषांचा विचार झाला, ते अनवधानाने घडणारे होते. परंतु फुली पृष्ठकर्त्याच्या मालकीची झाल्यामुळे ती जाणूनबुजून फसवीही करता येते. फुली अतिशय लहान किंवा फिकट ठेवणे, ती काही क्षण न दाखवणे, ती दाबताच दुसरी जाहिरात उघडणे, किंवा नकार देणाऱ्या बटणावर 'नको, मला बचत करावयाची नाही' यासारखे खजील करणारे शब्द लिहिणे, हे त्याचे परिचित प्रकार होत. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभिकल्पकाने २०१० साली अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' असे नाव दिले.

युरोपमध्ये हा प्रश्न मुख्यतः संमतीच्या पेट्यांतून पुढे आला. वाचकाच्या हालचालींची नोंद ठेवणाऱ्या कुकी नामक खुणांसाठी तेथे त्याची संमती घ्यावी लागते. स्वीकाराचे बटण एका दाबाचे आणि नकाराची वाट अनेक पायऱ्यांची, अशी रचना केल्याबद्दल फ्रान्सच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. नकार हा होकाराइतकाच सोपा असला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा युक्त्यांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार वर्णिले आहेत. ग्राहकाला वारंवार त्याच विनंतीने त्रस्त करणे हा त्यांतील एक आणि त्याला खजील करून निर्णय बदलावयास लावणे हा दुसरा. पेटीच्या कोपऱ्यातील फुली दाबली असता पेटी बंद न होता दुसरी जाहिरात उघडणे, हे उदाहरणही या तत्त्वांत दिलेले आढळते. एका लहानशा चिन्हाचा अर्थ काय असावा, याची दखल शासनाच्या राजपत्राने घ्यावी, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

कायद्याची कक्षा फसवणुकीपर्यंत पोहोचते. अनवधानाचे सारे दोष मात्र त्याने दूर होण्यासारखे नाहीत. त्यांसाठी कर्त्यानेच आपले पृष्ठ तपासावे लागते. ही तपासणी अवघड नाही. माउस बाजूला ठेवून केवळ कळफलकाने सूचना बंद करून पाहावी. बंद केल्यावर पुढची टॅब कळ कोठे नेते, हे पाहावे. पृष्ठ पुन्हा उघडून सूचना परत येते काय, ते तपासावे. डोळे मिटून पडदावाचकाच्या आधारे फुली सापडते काय, याचा अनुभव घ्यावा. शेवटी जावास्क्रिप्ट बंद ठेवून पृष्ठ कसे दिसते, हेही पाहावे. जिल्हा ग्रंथालयाच्या पट्टीसाठी या साऱ्याला अर्धा तासही लागणार नाही. आणि त्यानंतर ग्रंथसूची शोधू पाहणाऱ्या कोणत्याही वाचकाला, त्याचे साधन वा त्याची शारीरिक स्थिती कशीही असो, ती सूचना वाचून बाजूस सारता येईल आणि ज्या पुस्तकासाठी तो आला होता, त्याच्याकडे वळता येईल.